सागरी सुरक्षेची साखळी बॅटरीपाशी तुटते
बोटींवर आधुनिक संच आले; त्यांना अखंड वीज पुरवण्याचा विचार मात्र मागेच राहिला

(प्रतिनिधी)

पावसाळी मासेमारी बंदीचे दोन महिने संपले की १ ऑगस्टपासून राज्यातील बंदरे पुन्हा गजबजतात. ससून डॉकपासून हर्णे, मिरकरवाडा, देवगड, मालवणपर्यंत नौकांची डागडुजी, रंगरंगोटी, जाळ्यांची जुळवाजुळव यांची लगबग सुरू होते. इंजिनाचे तेल बदलले जाते, बर्फ आणि डिझेलची तजवीज होते. या धांदलीत केबिनखाली किंवा इंजिनाशेजारी एका फळीवर बांधलेल्या बॅटरीकडे मात्र सहसा शेवटी लक्ष जाते. ‘सेल्फ’ मारला आणि इंजिन सुरू झाले की बॅटरी ठणठणीत आहे, असा निर्वाळा दिला जातो. मात्र गेल्या दीड दशकात बोटीवरील बॅटरीचे कामच बदलले आहे आणि ही जुनी कसोटी आता पुरेशी राहिलेली नाही.

एकेकाळी बोटीवरील बॅटरीचे काम इंजिन सुरू करणे आणि दोन-चार दिवे पेटवणे एवढेच होते. आज तीच बॅटरी वायरलेस संच, जीपीएस, फिश फाइंडर, एआयएस, उपग्रहाधारित ट्रान्सपॉन्डर, मोबाइल फोन आणि बोटीत शिरलेले पाणी उपसणारा पंप या सर्वांचा भार वाहते. दुसऱ्या शब्दांत सांगायचे, तर समुद्रातील माणसाचा किनाऱ्याशी असलेला संबंध आता बॅटरीच्या दोन टर्मिनलवर अवलंबून आहे. सरकारी योजनांची मोजदाद मात्र ‘किती संच बसवले’ यातच होते. तो संच पहाटे तीन वाजता, किनाऱ्यापासून चाळीस मैलांवर चालू असेल काय, हा खरा प्रश्न कोणत्याही रकान्यात येत नाही.

संच आले, पण...

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी ‘कुबेर’ ही मच्छीमार नौका बळकावून आले होते. त्यानंतर समुद्रातील प्रत्येक नौका ओळखता आली पाहिजे, हे धोरण ठरले. नौकांच्या नोंदणीवर आणि मच्छीमारांच्या ओळखपत्रांवर भर देण्यात आला आणि २० मीटरहून अधिक लांबीच्या बोटींना आपले स्थान आपोआप कळवणारी एआयएस यंत्रणा बंधनकारक झाली. २०१० पासून इस्रोने तटरक्षक दलासाठी विकसित केलेले संकटसूचक संच वापरात आले. जानेवारी २०२४ मध्ये त्यांची दुसरी पिढी दाखल झाली. आपला संदेश किनाऱ्यावर पोहोचला की नाही, याची पोचही आता मच्छीमाराला मिळू शकते.

त्यापुढचा टप्पा होता ट्रान्सपॉन्डरचा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून किनारपट्टीवरील १३ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख नौकांवर स्वदेशी ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या ३६४ कोटी रुपयांच्या प्रकल्पाचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाला. दुहेरी संदेशवहन, वादळाची पूर्वसूचना आणि आंतरराष्ट्रीय सागरी सीमेजवळ पोहोचताच इशारा, अशा सोयी त्यात आहेत. साधा भागाकार केला तर प्रत्येक नौकेमागे सरासरी ३६ हजार ४०० रुपये होतात. हा खर्च योग्यच आहे. प्रश्न एवढाच की, या संचामागे जी वीज उभी असायला हवी, तिच्यासाठी तेवढाच विचार झाला आहे काय? संचाच्या पोटात स्वतःची बॅटरी असली तरी तीही कुठून तरी भरावीच लागते.

ओखी वादळाने याची जाणीव करून दिली होती. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस केरळ आणि तामिळनाडूच्या बोटी खोल समुद्रात असताना वादळाने त्यांना गाठले. किनाऱ्यावरचे इशारे त्यांच्यापर्यंत पोहोचू शकले नाहीत. त्यांतील ६८ बोटी ९५२ मच्छीमारांसह भरकटत, झुंजत अखेर सिंधुदुर्गच्या आश्रयाला आल्या. दूर गेलेल्या नौकेपर्यंत संदेश पोहोचणे हे जीवनमरणाचे काम आहे, हा धडा त्यातून घेतला गेला आणि उपग्रहाधारित संचांचा मार्ग प्रशस्त झाला. तथापि उपग्रह कितीही विश्वासार्ह असला, तरी बोटीवरचा संच विजेअभावी मुका झाला तर आकाशातील यंत्रणा काय करणार?

मालमोटारीची व्यवस्था, घराची गरज

समस्येचे मूळ समजण्यासाठी बोटीवरील विजेची रचना पाहावी लागेल. आपल्याकडील अनेक मासेमारी नौकांवर मालमोटारीच्याच जातीचे, सागरी वापरासाठी बदललेले डिझेल इंजिन असते. त्याच्याबरोबर येणारा अल्टरनेटर, ज्याला बंदरावर अनेक जण अजूनही ‘डायनॅमो’ म्हणतात, तोही त्याच धाटणीचा असतो. मालमोटारीत बॅटरीवर मोठा भार येतो तो इंजिन सुरू करण्याच्या काही सेकंदांपुरता. नंतर दिवसभर इंजिन चालू राहते आणि खर्च झालेली थोडी वीज भरून निघते. अल्टरनेटरचे काम तेथे भरलेली बॅटरी भरलेलीच ठेवण्याचे असते.

बोटीची गोष्ट निराळी आहे. ट्रॉलर ओढ घेत असताना त्याचे इंजिन तासन् तास चालू असते; तेथे विजेची टंचाई सहसा नसते. उलट नियामक, म्हणजे मेकॅनिकांच्या भाषेतील ‘कटआऊट’ नीट नसेल तर बॅटरी अति चार्ज होऊन तिचे पाणी उडते. मात्र गिलनेट किंवा डोल जाळे लावणाऱ्या नौका जाळे सोडून इंजिन बंद करतात आणि रात्रभर डोलत उभ्या राहतात. डिझेलचा खर्च पाहता ते स्वाभाविकच आहे. त्या वेळात दिवे, वायरलेस, जीपीएस सर्व काही केवळ बॅटरीवर चालते. म्हणजे व्यवस्था मालमोटारीची आणि गरज एखाद्या घराची, असा हा विसंवाद आहे. आउटबोर्ड इंजिनाच्या लहान होड्यांची अवस्था तर आणखी बिकट. त्यांतील कित्येक इंजिनांना चार्जिंगची सोयच नसते किंवा असली तरी ती नाममात्र असते.

एका रात्रीचा हिशेब

उदाहरणादाखल १२ व्होल्टची यंत्रणा असलेली एक मध्यम गिलनेट नौका घेऊ. बारा तासांच्या रात्रीत वायरलेस नुसता ऐकण्यासाठी चालू ठेवला तर सुमारे ५ अँपिअर-तास खर्च होतात. जीपीएस आणि फिश फाइंडर मिळून १२, स्थान कळवणारे संच ४, मार्गदर्शक दिवे आणि डेकवरील एलईडी दिवे दहा तास जळल्यास ३०, फोन चार्ज करण्यासाठी ४ आणि पाणी उपसणारा पंप तासभर चालल्यास ४. बेरीज होते ५९.

आता बॅटरी १०० ‘एएच’ची, म्हणजे १०० अँपिअर-तासांची आहे असे धरू. कागदावर ती पुरून उरते. परंतु शिसे-आम्लाची बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. त्यामुळे तिच्यातील हक्काची वीज ५० अँपिअर-तासांचीच समजायला हवी. म्हणजे पहिल्याच रात्री मर्यादा ओलांडली गेली.

पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. सकाळी जाळे ओढून नौका जागा बदलते, तेव्हा इंजिन समजा दोन तास चालते. अल्टरनेटरवर ६० अँपिअरचा आकडा असला, तरी तापलेल्या इंजिनाशेजारी आणि कमी फेऱ्यांवर तो त्याच्या निम्माच प्रवाह देतो. दोन तासांत बॅटरीत साठतात फार तर ४३-४५ अँपिअर-तास. गेले ५९, आले ४३. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या गणिताने भरलेली बॅटरी तिसऱ्या रात्री पहाटे जवळजवळ रिकामी होते. बॅटरी एकाएकी ‘बसली’ असे वाटते, परंतु ती पहिल्या दिवसापासूनच तुटीत चाललेली असते.

यात बॅटरीच्या स्वभावाचाही भाग आहे. शिसे-आम्लाची बॅटरी साधारण ८० टक्क्यांपर्यंत लवकर भरते; उरलेल्या २० टक्क्यांना कित्येक तास लागतात. तेवढा वेळ बोटीवर मिळत नाही. कायम अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहिलेल्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर साचतो आणि बॅटरीची धारणक्षमता कमी होत जाते. वर्षभरातच नवी बॅटरी घ्यावी लागली की दोष कंपनीला दिला जातो. खरा दोष अनेकदा चार्जिंगच्या मांडणीत असतो.

ऐकू येते, बोलता येत नाही

विजेच्या या तुटीचा सर्वांत घातक परिणाम वायरलेसवर होतो. संच नुसता ऐकत असताना अर्ध्या अँपिअरहून कमी प्रवाह घेतो. बोलण्याचे बटण दाबताच २५ वॉटचा संच पाच ते सहा अँपिअर मागतो. अर्धी उतरलेली बॅटरी १२.२ व्होल्ट दाखवते. तिच्यापासून केबिनपर्यंत आठ मीटर अंतर दीड चौरस मिलिमीटरच्या बारीक तारेने जोडले असेल तर जाता-येता सोळा मीटर तारेत जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच नाहीसा होतो. खाऱ्या हवेने हिरवटलेले सांधे आणखी काही खातात. परिणामी पडद्यावर दिवा दिसतो, इतरांचे बोलणे ऐकू येते. मात्र तांडेलाने १६ क्रमांकाच्या वाहिनीवर मदतीची हाक दिली की संच बंद पडतो किंवा आवाज पोहोचत नाही. संच चालू आहे या समजुतीत माणसे राहतात, आणि नेमक्या गरजेच्या क्षणी तो दगा देतो.

दिव्यांचेही तसेच. मासेमारी करणाऱ्या नौकेने कोणते दिवे लावावेत, हे आंतरराष्ट्रीय नियमांनी ठरवून दिले आहे. ट्रॉलरला वर हिरवा व खाली पांढरा, अन्य मासेमारी नौकेला वर तांबडा व खाली पांढरा. मोठ्या जहाजावरील अधिकाऱ्याला समोरच्या काळोखात लाकडी किंवा फायबरची छोटी नौका दिसते ती या दिव्यांमुळेच. मुंबई आणि न्हावाशेवा परिसरातील जहाजांची ये-जा लक्षात घेता मंदावलेला दिवा ही किरकोळ बाब ठरत नाही.

याला कायद्याचीही बाजू आहे. विजेअभावी बंद पडलेला संच आणि मुद्दाम बंद केलेला संच, हे किनाऱ्यावरील नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर सारखेच दिसतात. संशयाचे ओझे मात्र प्रामाणिक तांडेलालाही वाहावे लागते. गुजरातच्या बोटींवर कामाला जाणाऱ्या पालघर जिल्ह्यातील खलाशांना सागरी सीमा ओलांडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानच्या तुरुंगात दिवस काढावे लागले आहेत. सीमेचा इशारा देणारा संच चालू असणे त्यांच्यासाठी किती मोलाचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

उपाय अवघड नाहीत

समाधानाची बाब अशी की, यावरचे उपाय ना दुर्मीळ आहेत, ना अवाक्याबाहेरचे. पहिला उपाय म्हणजे दोन स्वतंत्र बॅटऱ्या. एक केवळ इंजिन सुरू करण्यासाठी आणि दुसरी, खोलवर उतरणे सोसणारी, संच व दिव्यांसाठी. रात्री दिवे कितीही जळाले तरी सकाळी इंजिन सुरू होईल, एवढी हमी त्यातून मिळते. इंजिनच सुरू झाले नाही तर वाऱ्यात बोट खडकांकडे वाहत जाते, हे कोकणच्या किनाऱ्यावर कुणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

दोन्ही बॅटऱ्या एकाच अल्टरनेटरवर चार्ज करण्यासाठी त्यांच्यामध्ये व्होल्टेज पाहून आपोआप जोडणारा आणि तोडणारा रिले बसवता येतो. इंजिन चालू होऊन व्होल्टेज साधारण १३.३ वर गेले की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, इंजिन बंद होऊन ते १२.८ च्या आसपास आले की वेगळ्या करतो. साध्या डायोडनेही हे काम होते. परंतु त्यात अर्ध्या-पाऊण व्होल्टची घट होते आणि बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. चार्जिंगसाठी सुमारे १४.४ व्होल्ट हवे असताना तिला १३.७ मिळाले तर वरवर सारे सुरळीत दिसूनही तूट साचतच राहते.

दुसरा उपाय सूर्याचा. १०० वॉटचे सौर पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला २५ ते ३० अँपिअर-तास देते. वरच्या उदाहरणातील नौकेवर २०० एएचचा बॅटरीसंच आणि केबिनच्या छपरावर २०० वॉटचे पॅनेल बसवले, तर इंजिनाचे ४३ आणि उन्हाचे सुमारे ४० मिळून रात्रीची तूट भरून निघते. शिवाय बॅटरी पूर्ण भरण्यासाठी लागणारा दीर्घ वेळ सूर्य विनामूल्य देतो. ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत हे उत्पन्न पुष्कळच घटते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. मात्र तेव्हाही मोठा बॅटरीसंच तग धरतो. पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. तो वगळून केलेली थेट जोडणी बॅटरीला उकळवते.

तिसरा उपाय सर्वांत स्वस्त आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित आहे. जाड आणि कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार, बॅटरीलगतच फ्यूज, टर्मिनलवर ग्रीस, आणि बॅटरी हलणार नाही अशी पेटीत बांधणी. फ्यूज लांब असेल तर मधल्या तारेचे आवरण घासून शॉर्ट सर्किट झाल्यावर आग लागण्यापासून रोखणारे काहीच उरत नाही. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगी पुरते. त्यामुळे बंद कोनाड्यात, वायुवीजनाविना बॅटरी ठेवणे धोक्याचे आहे.

हलक्या लिथियम बॅटऱ्यांचे आकर्षण आता वाढते आहे. त्या अधिक खोलवर वापरता येतात आणि लवकर भरतात, हे खरे. परंतु जुन्या अल्टरनेटरला त्या थेट जोडल्या तर त्या त्याच्याकडून सतत पूर्ण प्रवाह ओढून त्याला तापवतात. शिवाय बॅटरीतील संरक्षक मंडल अचानक तुटले तर उसळलेल्या व्होल्टेजने अल्टरनेटर आणि जोडलेले संचही जळू शकतात. त्यासाठी योग्य चार्जर मध्ये घालावा लागतो. रस्त्यावरील ई-रिक्षाची बॅटरी आणून बोटीत जोडणे हा त्यावरचा मार्ग नव्हे.

बंदीचे दोन महिने

बॅटरीचे सर्वाधिक नुकसान समुद्रात नव्हे, तर किनाऱ्यावर होते. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात नौका ओढून ठेवल्या जातात. हंगामाच्या अखेरीस निम्मी उतरलेली बॅटरी तशीच राहते. न वापरताही ती महिन्याला पाच टक्के किंवा अधिक वीज गमावते; उष्ण हवेत हा वेग वाढतो. दोन महिने उपाशी राहिलेल्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. बॅटरी काढून पूर्ण चार्ज करणे, पाण्याची पातळी डिस्टिल्ड वॉटरने राखणे आणि महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज करणे, एवढे केले तरी तिचे आयुष्य वाढते. विसावलेली भरलेली बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवते आणि ११.९ म्हणजे ती जवळपास रिकामी, हे दोन आकडे आणि एक साधा मल्टीमीटर प्रत्येक तांडेलाजवळ असायला हरकत नाही.

येथे मच्छीमार सहकारी संस्थांना मोठे काम करता येईल. डिझेल आणि बर्फ पुरवणाऱ्या संस्थांनी बंदीच्या काळात सभासदांच्या बॅटऱ्या ठेवून चार्ज करण्याची सोय केली, तर एका चार्जरवर अनेकांचे काम भागेल. एकेका खलाशाच्या घरी ती सोय होणे कठीण असते.

हिशेब संचांचा नव्हे, सेवेचा हवा

शासनाच्या पातळीवर अपेक्षा तीन आहेत. संच बसवताना त्या नौकेची विजेची गरज आणि चार्जिंगची क्षमता मोजली जावी. ती अपुरी असेल तर बॅटरी, रिले आणि सौर पॅनेल यांनाही त्याच योजनेत स्थान मिळावे. मत्स्यव्यवसाय विभागाच्या प्रशिक्षण केंद्रांतून नौकानयन आणि डिझेल इंजिन शिकवले जाते. त्याच अभ्यासक्रमात बोटीच्या विद्युत जोडणीला मानाचे स्थान द्यावे, जेणेकरून कोळीवाड्यातील तरुणांना बंदरावरच एक व्यवसायही मिळेल. आणि तपासणी करताना ‘संच आहे’ एवढ्या नोंदीवर न थांबता इंजिन बंद असताना वायरलेसवरून बोलून पाहावे. दोन मिनिटांच्या या चाचणीत बॅटरी, तारा आणि सांधे या तिघांचीही परीक्षा होते.

अर्थात सारा भार शासनावर टाकून चालणार नाही. लाखो रुपयांच्या जाळ्यांची आणि इंजिनाची निगा राखणारे नौकामालक बॅटरीच्या बाबतीत मात्र सर्वांत स्वस्त पर्याय शोधतात, हेही वास्तव आहे. त्याची किंमत मोजतो तो खलाशी, ज्याचा त्या खरेदीत काहीच वाटा नसतो. एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवल्याची घोषणा करता येते. परंतु संकटाच्या रात्री उपयोगी पडणारा आकडा एकच असतो, तो म्हणजे त्या वेळी बॅटरीत किती व्होल्ट शिल्लक आहेत. तो आकडा सुधारण्याचे काम येत्या नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करण्यापूर्वीच, किनाऱ्यावर व्हायला हवे.